डावीकडची थरथर

एक विचारतो, रक्षित. डोळ्याला दिसत नाही आणि यंत्र म्हणतं, कुणीतरी आहे. तर माणसानं विश्वास कुणावर ठेवावा? हसू नकोस. उद्यापासून लष्कर मोहल्ल्यातल्या आपल्या दुकानात तू बसणार, हाच चष्मा विकणार. म्हणून आज शटर ओढल्यावर तुला थांबवून घेतलंय.

चामराजपुरमचे अंबाजीराव तुला ठाऊक आहेत. आपल्यासारखेच, कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांच्या घरातले. निळीच्या कढया त्यांच्या आजोबांबरोबर गेल्या; हे पोस्टात लागले, निवृत्त झाले. काचबिंदूनं डावा डोळा गेला, त्यानंतर दोनदा पडले. मुलगी यशस्विनी बंगळूरला. तिनं निक्षून सांगितलं, "अप्पा, आणखी एकदा पडलात की घराला कुलूप आणि तुम्ही माझ्याकडे." ज्याला रोज पायी हिंडल्याशिवाय जेवण जात नाही, त्याला तिचं वरच्या मजल्यावरचं घर म्हणजे पिंजरा. म्हणून त्यांनी माझ्याकडून हा चष्मा नेला. डावीकडे काही जवळ आलं की डावी दांडी कानामागे थरथरते. जितकं जवळ, तितकी जोरात.

मग काय, रोज दुकानात हजर. "भुजंगराव, हा चष्मा आहे की कटकट? खांबाला थरथरतो, उभ्या स्कूटरला थरथरतो, गाईला थरथरतो! अख्खं मैसूर माझ्या डावीकडेच येऊन उभं राहिलंय का?"

"राहिलंयच. तुम्हाला दिसत नव्हतं, अष्टे, एवढंच."

कंपनीला फोन केला, तर त्यांचं एकच पालुपद: चष्मा ठीक आहे.

गेल्या वर्षी दसऱ्याची रोषणाई उतरवली, त्याच रात्रीची गोष्ट. साडेनऊ झाले असतील. अंबाजीराव कॉफीपूड दळून घेऊन घरी निघाले होते. पुडी हातात गरम. इतके दिवस झगमगणारा रस्ता त्या रात्री नेहमीपेक्षा काळा वाटत होता. ते आपले डाव्या कडेनं चालले होते.

दांडी थरथरली.

खांब असेल म्हणून ते पुढे गेले. थरथर थांबली नाही. खांब मागे राहतो. हे सोबत चालत होतं.

कुणी पादचारी खेटून चाललाय, असं वाटून ते वैतागले. "अरे, मुंदे होगप्पा! पुढे जा ना बाबा."  पावलांचा आवाज नाही. डावा हात लांब करून चाचपलं. हाताला हवा लागली.

"मामा, सेन्सर बिघडला असणार."

मीही तेच म्हटलं असतं, रक्षित. ऐक.

ते उजवीकडे सरकले की थरथर मंदावे. डावीकडे वळले की दात वाजतील इतकी जोरात. असं दोनदा, तीनदा. अंबाजीराव संतापले. उद्या हा चष्मा त्या भुजंगाच्या काउंटरवर आपटतो, असं मोठ्यानं बोलले. चष्मा काढला. मुठीत धरला. तरातरा चालायला लागले... सरळ, डाव्या कडेनं.

आता दांडी कानामागे नव्हती.

आणि डाव्या कोपराला...

...

कुणीतरी धरलं. घट्ट. उजवीकडे रेटलं.

  पकड घराच्या दारापर्यंत सुटली नाही.

सकाळी मला हाताला धरून तिथं घेऊन गेले. रोषणाईच्या तारा काढताना गटारावरच्या फरशा उचलल्या होत्या आणि पुन्हा बसवायचं कुणाला सुचलं नव्हतं. डावी कड सबंध उघडी, खाली कमरेइतकं खोल. मी चष्मा घातला, गटाराच्या काठावर उभा राहिलो. दांडी गप्प. गप्पच राहणार. हे यंत्र समोर, बाजूला बघतं. पायाखालचा खड्डा त्याला कळत नाही. शेजारी काहीतरी उभं असेल तरच ते थरथरतं.

आणि तिथं उभं राहायला जमीनच नव्हती.

तेवढ्यात यशस्विनीचा फोन. फरशांचं तिला शेजारच्यांकडून कळलं होतं. "काका, चष्म्यानंच अप्पांना वाचवलं ना?" अंबाजीराव माझ्याकडे बघत होते, तो एकच डोळा मोठा करून. मी म्हटलं, "चष्मा ठीक आहे, पोरी."

ते अजून रोज पायी हिंडतात. पण डावीकडे एका माणसाची जागा सोडून.

त्या रात्रीचा त्यांचा पांढरा सदरा मी पाहिलाय. डाव्या बाहीवर, कोपरापाशी, चार बोटं आतल्या बाजूनं उमटलेली आणि अंगठा बाहेरच्या. निळी. तीनदा धुतला, तरी गेली नाहीत. ज्या घरात दोन पिढ्या निळीची कढई चढली नाही, त्या घरातला सदरा.

तर रक्षित, उद्या गिऱ्हाइकानं विचारलं, ह्यानं कुणाला वाचवलंय का, तर हिशेब खरा सांग. चष्म्यानं जेवढं केलं तेवढंच चष्म्याच्या नावावर मांड. बाकीचं ज्याचं असेल, त्याच्यासाठी जागा मोकळी सोड.