ओहोटीची शिट्टी

वाळूवर चपलांचे नऊ जोड होते. चार बायकांचे, पाच पुरुषांचे. पुरुषांच्या एका जोडाचा अंगठा तुटलेला आणि सुतळीने बांधलेला. चढत्या पाण्याची कड पहिल्या चपलेपासून सात पावलांवर होती, आणि आसपास माणूस एकही नव्हता.

सत्तावन्न सालचा मार्गशीर्ष. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन अलिबागला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. रविवारची फिरायला आलेली मी त्या चपलांपाशी थबकले, आणि एकेक जोड उचलून वर खडकावर ठेवू लागले. शेवटचा जोड हातात असतानाच समुद्रातल्या किल्ल्याकडून माणसं पाण्यातून धडपडत आली. पुढे चार जोडपी, मागे एक उंच, सडपातळ तरुण.

"त्या माझ्या," तो म्हणाला. सुतळीवाल्या.

"ओहोटीची वेळ कुणाला विचारली होतीत?"

"सदाला. टांगेवाला आहे आमचा."

"टांगेवाल्याला घोडा कळतो. समुद्र नाही."

तो हसला... मोकळं, मान मागे टाकून. "मग तुम्हीच सांगत जा ना, बाई. दर खेपेला."

तो मार्तंड. मुलांच्या शाळेतला इतिहासाचा मास्तर. नवीन लग्न झालेल्यांना घरात दोन शब्द बोलायला कोपरा मिळत नाही, पण किल्ल्यातल्या गणपतीला जायचं आणि वर इतिहास ऐकायचा म्हटलं की सासूसुद्धा सोडते, हे त्याने बरोब्बर हेरलं होतं. एकाआड एक रविवारी तो चार-पाच जोडप्यांना ओहोटीत चालत किल्ल्यावर न्यायचा. तटबंदी, तोफा, गोड्या पाण्याचा तलाव दाखवायचा आणि मग घड्याळाकडे न बघता अर्धा-पाऊण तास दिसेनासा व्हायचा. त्या वेळात कुणी काय बोलायचं, हा इतिहासाचा विषय नव्हता.

मी तिथीवरून वेळ काढून देऊ लागले. किल्ल्याच्या दरवाज्यापाशी पाण्याच्या कडेला नारळाच्या झावळीचा हीर रोवायचा, ओहोटीनंतर पाणी परत हिरापर्यंत आलं की शिट्टी. शिट्टी माझ्या गळ्यात.

"समुद्र तुमचं ऐकतो," मार्तंड एकदा म्हणाला.

"मी समुद्राचं ऐकते."

"आणि माझं?"

मी घड्याळात बघितलं. मला काही दिसलं नाही.

पौषात अंबिका आली. मुंबईची, चित्रकलेची पदवीधर, तिथल्या संग्रहालयात कामाला, इथे काकांकडे राहायला आलेली. किल्ल्यातल्या देवळाचं कोरीवकाम ती वहीत उतरवायची. मार्तंड तिच्या शाईची दौत धरून उभा राहायचा... इतिहासाचा मास्तर, दौत धरून! पहिल्या रविवारी बारा मिनिटं. दुसऱ्या रविवारी एकतीस. शेवाळलेल्या खडकांवरून उतरताना तिने त्याचा हात धरला. मी त्याच खडकांवरून कुणाचाही हात न धरता उतरले आणि पडले. कुणी बघितलं नाही, याचाच जास्त राग आला.

तिसऱ्या रविवारी मी तटावर होते. खाली तलावाच्या पायरीवर ती दोघं. वाऱ्याबरोबर अंबिकेचा आवाज वर आला, "आमच्या संग्रहालयात जागा निघाली आहे. होळीनंतर मुंबईला येणार ना?" तिने त्याचा हात हातात घेतला. मार्तंड काहीतरी बोलला. वारा फिरला. मला ऐकू आलं नाही.

पाच वाजून दोन मिनिटं. मी खाली दरवाज्यापाशी गेले. हीर ओल्या वाळूत ताठ उभा होता, पाणी त्याच्यापासून कितीतरी लांब. अजून अडतीस मिनिटं होती.

मी शिट्टी वाजवली. जोरात, तीनदा.

धांदल उडाली. बायकांनी पातळं वर खोचली, पुरुषांनी चपला काखेत मारल्या, अंबिकेने वही छातीशी धरली. सगळे धावत निघाले... कोरड्या वाळूवरून.

किनाऱ्यावर पोचल्यावर कोर्टातल्या कारकुनाची बायको मनुबाई हसत सुटली. "अगं बाई, माझ्या तर पैंजणालाही पाणी नाही लागलं!"

हसली नाही ती केसर. तिचा नवरा रघू मुंबईला गिरणीत. पंधरा दिवसांनी बोटीने रेवसच्या धक्क्यावर उतरायचा आणि सोमवारी पहाटे परत जायचा.

"पानी कुठं हाय, ताई?" ती हळूच म्हणाली. "आमाला येवडाच येल मिलतो..."

"ऱ्हाऊ दे गो," रघू म्हणाला. "ताईंना कललं आसंल."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. सदाच्या टांग्यात बसून अंबिका गेली, मनुबाई गेली, बाकीचीही गेली. रघू-केसर वाळूवर बसून राहिली. मार्तंड माझ्याजवळ आला.

"हीर मीही बघितला, बाई. हिशोब चुकला?"

"माझा हिशोब चुकत नाही." मी श्वास घेतला. "मी खोटी शिट्टी वाजवली."

"का?"

"अंबिकाबाईंनी तुमचा हात धरला. तीन खेपांत तीन वेळा."

"चार."

"तुम्ही... मोजत होतात?"

"उठताना पायरीवर निरोप घेतला, तो धरून चार. मुंबईला येणार नाही, असं सांगितलं तिला. अलिबाग सोडवत नाही म्हटलं. तर म्हणाली, अलिबाग की ती शिट्टीवाली?"

"मग? काय सांगितलंत?"

"सांगणारच होतो, तर शिट्टी वाजली."

मी वाळूकडे बघत राहिले. त्याच्या पायाचा अंगठा वाळूत रेघ ओढत होता... माझ्या दिशेने.

"उत्तर ऐकायचंय, गोदावरी?"

पहिल्यांदाच नाव. मला ऐकायचं होतं, त्या क्षणी, तिथेच. पण केसरची पाठ दिसत होती.

"आधी त्यांचा वेळ परत द्यायचा," मी म्हणाले. "चोवीस मिनिटं उरली आहेत. जाऊन येण्यातच जातील. घोटाभर पाणी लागेल."

"आणि उत्तर?"

"तिथे सांगा. जागा बदलली म्हणून उत्तर बदलत नाही ना तुमचं?"

मी हाक मारली, "केसर! रघू! चला, परत जायचंय. चूक माझी होती."

केसर उठली ती नवऱ्याला ओढतच निघाली. ती दोघं पुढे, आम्ही मागे. किल्ल्यात शिरल्यावर ती तलावाकडे वळली आणि आम्ही दरवाज्यापाशी थांबलो. हीर तिथेच होता. मी त्याच्यावर नजर ठेवली होती... सुरुवातीला. मग मार्तंडने उत्तर दिलं. मग मीही काहीतरी म्हणाले. शिट्टी वाजवायची आठवण शेवटी रघूने केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं पातळ मी उन्हात वाळत घातलं, तेव्हा त्याच्यावर मिठाची पांढरी रेघ उमटलेली दिसली. शाळेची फूटपट्टी आणून काठापासून मोजली. एकोणीस इंच.