मंजुळाबाईचा गिलास

लाईट गेली तर जाऊ द्या. तेजस, ती मोबाईलची बत्ती विझव, डोळ्यात खुपते. गोष्ट ऐकायची तर अंधारात ऐका, नाहीतर घरी जाऊन झोपा. आणि मधे कोणी दात काढले तर मी उठून जाईन. ही ऐकीव गोष्ट नाही. छगन माझा शेजारी, भिंतीला भिंत.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी छगन जळगावला निघाला, लेकीला आणायला. दिवस कलला होता, तरी डांबर चटके देत होतं. आखाजीला लेकी माहेरी येतात, ते तुम्हाला काय सांगू. पण हेमांगी वर्षभरात पहूरला फिरकली नव्हती. आई गेली तेव्हापासून बापाशी धड बोललीही नव्हती. या खेपेला तिनेच फोन केला. "आईच्या नावाची पहिली घागर पुजायची आहे, म्हणून येते. पण बाबा, ती गाडी आणू नका."

त्या गाडीचं असं होतं. मागच्या वैशाखात छगनच्या बायकोला, मंजुळाबाईला, शेतात ऊन लागलं. अंग तव्यासारखं तापलं. छगननं तिला त्याच्या जुन्या डिझेल गाडीत मागं निजवलं आणि जळगावकडे दामटली. अजिंठा चौफुलीवर ट्रक आडवा झालेला, पुढं मुंगी सरकत नव्हती. गाडी गरम झाली, काटा लालमधे. जवळ पाण्याचा एकच कॅन. मंजुळाबाई स्टीलचा गिलास पुढं करून म्हणाली,

"मले पानी द्या ना."

"थांब जरा. गाडीले लागीन. गाडी चालली तं तू वाचशीन."

सगळा कॅन त्यानं गाडीला पाजला. गाडी चाललीही. दवाखान्याच्या दारात मागचा दरवाजा उघडला, तर मंजुळाबाई गेलेली. गिलास हातात तसाच, तोंड वर करून. कोरडा. त्या बाईची सवय होती, पाणी प्यायली की गिलास पालथा घालायची, माशी बसू नये म्हणून. आमच्या घरीही तसंच करायची. त्या दिवशी तो पालथा घालायचं कामच पडलं नाही.

तेव्हापासून गाडीला रोग जडला. मोकळ्या रस्त्यावर चोपड्यापर्यंत पळवा, काटा हलायचा नाही. गर्दीत उभी राहिली की तापलीच. झाकण उघडून पाहावं तर पाणी गायब. आमच्या पुना मिस्त्रीनं काय करायचं बाकी ठेवलं नाही. रेडिएटर उतरवून साफ केला. पंखा डायरेक्ट जोडला. पंप नवा टाकला. हेड खोलून गॅसकेट बदललं. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला, सकाळी पुठ्ठ्यावर थेंब नाही.

"छगन भो," पुना म्हणाला, "ऑइलात पानी नाही, धूर पांढरा नाही, गळती नाही. मंग पानी जातं कोठी? कोनी पेतं काय?"

पुना हसला. छगन हसला नाही.

"इकून टाक ना मंग ही पीडा!"

"नाही इकनार," छगन म्हणाला. बस, एवढंच.

तर आखाजीच्या आदल्या संध्याकाळी छगन तीच गाडी घेऊन गेला. हेमांगी ती पाहूनच तोंड फिरवून उभी राहिली. पण एसटीला आखाजीची गर्दी, हातात आईसाठी घेतलेली नवी लाल घागर. नवी घागर आदल्या दिवशी भरून मुरवावी लागते, म्हणून तिनं ती काठोकाठ भरलेली. बसावं लागलं. पुढं बसली, घागर मांडीवर. मागच्या सीटकडे पाहिलंसुद्धा नाही.

चौफुलीवर आले तेव्हा अंधार पडला होता. दुजेची चंद्रकोर बुडायला आलेली.

गाड्या थांबल्या.

काटा चढायला लागला.

छगनला डिक्कीतला कॅन आठवला. तो वाटेतच रिता झाला होता, येताना नेरीच्या गर्दीत. आता गाडीत पाणी होतं ते एकाच जागी. त्याचा हात घागरीकडे गेला.

"दे ती."

हेमांगीनं घागर छातीशी धरली. "तेव्हाही तुम्ही..."



छगनचा हात तिथंच राहिला. मागं हॉर्न वाजत होते. काटा लालमधे शिरला.

त्यानं चावी फिरवली. इंजिन बंद केलं. समोरच्या कप्प्यातून एक गिलास काढला. तोच. वर्षभर तिथंच होता, पोरीला ठाऊक नव्हतं. घागरीवरचं फडकं सोडलं, गिलास भरला. मागं वळून, जिथं ती निजली होती तिथं ठेवला.

"घे मंजुळा... आधी तू."

हेमांगी रडायला लागली. मग एकाएकी गप्प झाली.

हॉर्न... बंद.



मागून आवाज आला. हळू.

घोट...

घोट...

जसं कोणी फार दिवसांचं तहानलेलं...

मग एक लांब श्वास.

छगननं मागं पाहिलं नाही. पोरीनं बापाचा हात धरला. वर्षानं धरला.

पुढची गाडी सरकली. छगननं चावी लावली. काटा खाली होता, पार तळाला, जशी गाडी सकाळी पहिल्यांदा चालू करावी. पहूरपर्यंत दोघांनी मान वळवली नाही.

पूजेआधीच घागर उष्टी केली म्हणून सकाळी भावकीनं बोल लावला. लावू द्या. पुनानं झाकण उघडलं, रेडिएटर काठोकाठ. पुना कपाळ खाजवत राहिला. ते सोडा.

मी स्वतः मागचं दार उघडलं. सीटवर हात फिरवला, कोरडी. खाली चटई, कोरडी. गिलास तिथंच होता. खड्ड्यात गाडी आदळली म्हणाल, तर गिलास आडवा पडेल, घरंगळेल.

तो नीट ठेवलेला होता. पालथा.