दोन डबे राख

झाकण उघडलं आणि मला शिंक आली. अशी सणसणीत, की डब्यातली राख उडून समोरच्या माणसाच्या भुवयांवर जाऊन बसली!

"अगं बाई! सॉरी हं…"

"ऱ्हाऊ द्या," तो डोळे मिटूनच म्हणाला. "आता तपासायला माझं तोंडच घ्या."

मी खळखळून हसले. पहिल्याच भेटीत, अनोळखी माणसासमोर… आईनं पाहिलं असतं तर कानच उपटला असता.

एकोणनव्वद सालचा मार्च होता. बोईसरच्या खत-माती तपासायच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी नुकतीच लागले होते. आम्ही मूळचे परभणीकडचे. दादा, म्हणजे माझे वडील नागोराव, इथल्या कारखान्यात, म्हणून जवळच सालवडला बिऱ्हाड. आणि हा देवू, वाणगावपलीकडच्या पाड्यावरचा. थोडी भातशेती, कोंबड्यांची एक शेड. कोंबडखतात भाताचं तूस मिसळून त्यानं ते दोन तऱ्हांनी जाळलं होतं. एक राबात… म्हणजे भाताचं बी पेरण्याआधी पालापाचोळा टाकून जमीन भाजतात ना, तसं हळूहळू धुमसत. दुसरं वीटभट्टीत, कारण त्याची आई बायडी पावसाळा लागेपर्यंत भट्टीवरच कामाला राहायची. राबाची राख भुरभुरीत, भट्टीतले मात्र काचेसारखे खडे.

"जळल्यावर काय ऱ्हातं का त्यात?"

"नत्र धुराबरोबर जातं. स्फुरद राहतं."

"आनि तुमी? फुडल्या मंगळवारी हितंच ऱ्हाता ना?"

आगाऊ कुठला! मी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत राहिले… कान मात्र तापले होते.

तो मंगळवारी आला. त्याच्या पुढच्याही. आणि नंतर तर वारच उरले नाहीत. कधी पळसाच्या पानात करवंदं, कधी हिरव्यागार मिरच्या, कधी नुसताच — "हिकडनं जात व्हतो" म्हणत. वाणगावहून दुसरीकडे जायला बोईसरचीच वाट लागते जणू! त्याच्या अंगाला धुराचा मंद वास यायचा. तो गेल्यावरही माझ्या टेबलापाशी रेंगाळायचा, आणि मी खिडकी उघडत नसे.

एकदा मी त्याला निकाल सांगितला.

"दोन्हींत स्फुरद जवळपास सारखंच आहे. पण भट्टीतलं फार तापलं. तुसाबरोबर वितळून त्याचे खडे झाले आणि ते आतच कोंडलं. आम्लातसुद्धा धड विरघळेना. रोपांना काय मिळणार?"

"म्हंजे हाय, पन मिळत नाय."

"हो… काही माणसांसारखं," मी मुद्दामच म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. वाटलं, आता बोलतोय… पण स्वारी डबे उचलून चालू पडली. अस्सा राग आला!

मे महिन्यात दादांनी विषय काढला. "मंजुळे, रविवारी जिंतूरचे पाहुणे येताहेत. तुझ्या मनात कुणी असंल तर आत्ताच सांग. पण त्या पोरानं माझ्यापुढं येऊन बोलायला पाहिजे. तोंड लपवणाऱ्याला मी पोरगी देणार नाही."

ज्यानं मलाच काही सांगितलं नव्हतं, त्याचं नाव कुठल्या तोंडानं घेणार? मी ताट धुवायला घेतलं.

शुक्रवारी देवू आल्या आल्या मी सांगून टाकलं. त्याच्या हातातली करवंदं फरशीवर सांडली.

"तुमी काय बोल्ल्या?"

"काय बोलणार? तुम्ही कधी काही बोललात?"

"मी कसा बोलू? आमच्यात पोरानं सोता पोरगी मागायची नसते. आई जाते, मोठी मानसं जातात. आई भट्टीवरनं आली की धाडनारच व्हतो तिला… तिची वाट बघत व्हतो."

म्हणजे त्याच्या मनात होतं! मला हसू आलं आणि हसता हसता रडूच फुटलं. मला देवू हवा होता. दुसरं कुणीही नको होतं. मी दादांची अट सांगितली आणि डोळे पुसत त्याच्याबरोबर करवंदं वेचू लागले.

शनिवारी संध्याकाळी तो आमच्या दारात उभा! कडक इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस. पाणी प्यायला. खुर्चीच्या अगदी कडेला बसला… आणि गप्प.

"बोला की पाहुणं," दादा म्हणाले.

मी दाराआडून मनात ओरडत होते — बोल रे बाबा, एकदाचा बोल!

"आमच्यात पोरानं सोता बोलायचं नसतं," तो अखेर म्हणाला. "आई रागावंल मला. पन ती वीटभट्टीवरनं येस्तोवर मंजुळा जाईल… मला मंजुळा पायजे. शेती थोडी हाय. खोटं काय सांगनार नाय."

"जात?"

"वारली."

दादांनी त्याला एकदा नीट न्याहाळलं. मग मला हाक मारली. "तुझं काय म्हणणं आहे?"

"मला हेच हवेत, दादा." आवाज इतका मोठा निघाला की माझी मीच दचकले.

"अन् उद्याचे पाहुणे?" आतून आईचा, सोजराबाईचा, आवाज.

दादा उठले. खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली. "त्यांना कळवतो मी. हे बघ पोरा, ती वीटभट्टी किती लांब आहे?"

"कशाला?" देवू पार घाबरला.

"कशाला म्हणजे?" दादा चपला शोधत म्हणाले. "आमच्याकडं मुलीचा बाप जातो विचारायला. चल, तुझी आई दाखव मला."