पुस्तकांची भिशी

सर्जापूर रोडवरच्या त्या सोसायटीत मराठी घरांची पुस्तकांची भिशी चालायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येक घराने मुलांचं एक मराठी पुस्तक द्यायचं, चिठ्ठ्या टाकायच्या आणि नाव निघेल त्या घरी सगळा गठ्ठा आधी जायचा. मूळच्या निपाणीच्या वीणाअक्कांनी काढलेली ही टूम. यंदा पहिली चिठ्ठी मनस्विनीची निघाली, आणि तिला कोण आनंद झाला.

मनस्विनी पुण्याची. दिवसभर लॅपटॉपवर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची. घरी आली की आठ वर्षांच्या आर्याच्या मराठीतल्या. शाळेत इंग्रजी, खाली खेळताना कन्नड, आणि घरी ‘आई, मी ते फिनिश केली’. ऐकलं की हिचा जीव खालीवर व्हायचा. तिने नियमच करून टाकला. रोज एक पुस्तक. न वाचलेली पलंगाशी, वाचलेली खिडकीत. पुस्तक संपल्याशिवाय खेळायला जायचं नाही.

आर्या दोन दिवस रडली. मग वाचायला लागली ती अशी, की तिला जेवायला हाका माराव्या लागायच्या. जोडाक्षरांवर अडखळणारी पोरगी घडाघडा वाचत होती. मनस्विनीने पुण्याला आईला फोन करून कौतुक सांगितलं. पलंगाजवळचा गठ्ठा कमी होत नाही, हे तिच्या ध्यानात आलं ते नंतर.

“अक्का, अजून कुणी पुस्तकं पाठवतंय का?”

“नाही गं. सगळी मिळून एक पिशवी तर होती. का? पोर कंटाळली काय?”

“नाही हो. गठ्ठा वाढतोय.”

“बरंय की मग! स्वल्प दमानं वाच म्हणावं,” अक्का हसल्या.

त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरची प्रियदर्शनी दारात आली. “आर्या, आट आडोण बा,” रोजच्यासारखंच तिने खेळायला बोलावलं. आर्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि स्वच्छ मराठीत विचारलं, “आई, ही मुलगी कोण आहे?”

भांडण झालं असेल, असं मनस्विनीला वाटलं. तिने आर्याला चांगलं फैलावर घेतलं. आर्याला खरंच काही कळत नव्हतं.

चार-पाच दिवसांनी आर्याचा बाबा श्रीरंग ऑफिसमधून आला, बूट काढून आत शिरला, आणि आर्या आईच्या मागे लपली. “आई, हे काका आत का आले?”

श्रीरंग हसला. खेळ समजून त्याने वाकून मुजरा वगैरे केला. दुसऱ्या दिवशी सकाळीही तिने त्याच्या हातून दूध घेतलं नाही, तेव्हा त्याचं हसू मावळलं. डॉक्टरांनी डोळे, कान, सगळं तपासलं. मुलगी उत्तम आहे म्हणाले, सुट्टीत मुलं कल्पनेत रमतात.

घरी आल्यावर मनस्विनीने खिडकीतलं सगळ्यात वरचं पुस्तक उघडून मोठ्याने वाचलं. साधी गोष्ट होती. एक माणूस तळघरातल्या पार्किंगमध्ये मुलीला सायकल शिकवतो. मुलगी पडते. तो रुमाल फाडून तिच्या गुडघ्याला बांधतो, आणि आईला सांगायचं नाही, असं दोघांचं ठरतं.

“हे तुला कुणी सांगितलं?” श्रीरंगचा चेहरा उतरला होता. गेल्या दिवाळीतली त्याची आणि आर्याचीच गोष्ट ती. मनस्विनीला आजवर माहीत नव्हती.

खालच्या गठ्ठ्यात एक पुस्तक दोन मैत्रिणींचं होतं. एक मराठी बोलायची, एक कन्नड.

दोघांनी मिळून सगळी पुस्तकं, वाचलेली आणि न वाचलेली, चादरीत बांधून खाली नेली आणि गाडीच्या डिकीत कोंबली. मग दोघं परत वर आली.

आर्या पलंगावर मांडी घालून बसली होती. तिच्याजवळ पुन्हा गठ्ठा उभा होता, आता खिडकीच्या कठड्यापर्यंत पोचलेला.

श्रीरंग तिथेच खाली बसला. मनस्विनी मात्र गठ्ठ्यावर तुटून पडली. ज्यांची पुस्तकं वाचून झाली, ती माणसं गेली. मग तिचंही पुस्तक यातच कुठेतरी असणार. तेवढं सापडलं पाहिजे. जाळून टाकीन, गिळून टाकीन, पण हिच्या हाताला लागू देणार नाही.

एक पुण्याच्या आजीचं निघालं. एक पोहायला शिकवणाऱ्या ताईंचं. एक भांडी घासणाऱ्या सगुणाबाईंचं, त्यांच्या हिरव्या बांगड्यांसकट. एक शाळेच्या बसमधल्या अण्णांचं.

तिचं नव्हतं.

ती पुन्हा तळापासून बघायला लागली. एकेक पान उलटून बघत होती, न जाणो.

“काय शोधताय?” आर्याने विचारलं.

मनस्विनीने मान वर केली. आवाज गोड होता, अदबीचा. पाहुण्यांशी बोलावं तसा.

“एका आईचं पुस्तक आहे बाळा. आईचं आणि मुलीचं. पाहिलंस का तू?”

“ते होय? मघाशी तुम्ही खाली गेला होतात ना, तेव्हाच वाचून झालं,” आर्या म्हणाली. “छान होतं, काकू. शेवटी मला रडू आलं.”