सुपातली शाळा

कल्याणराव वाण्याचं दुकान घाटनांदुरात कुणीही डोळे मिटून दाखवलं असतं. पण त्या दुपारी दारात उभा राहिलेला तरुण दुकान शोधत आला नव्हता. त्याला वाचता येणारा माणूस हवा होता.

"शरणार्थ… कल्याणराव हायत का?"

नमस्कार ऐकून महानंदा गुळाच्या ढेपांमागून उठली. गळाबंद शेरवानी, कोपरावर रफू, कपाळावर भस्माचे पट्टे. हा मल्लिकार्जुन, सरकारी मदरशाचा, म्हणजे उर्दू शाळेचा, नवा मास्तर. दोन महिन्यांत त्याने या दुकानातून काय काय नेलं ते तिला तोंडपाठ होतं, पण त्याचा आवाज मात्र ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

"आप्पा बाजाराला गेलेत. काय पायजे?"

"एक… पत्र वाचून घ्यायचं व्हतं."

"कुनाचं?"

"माझंच. आईचं."

"तुमी मास्तर ना?"

"व्हय."

"मग?"

तो कानापर्यंत लाल झाला. "समदं शिक्षण उर्दूत झालं माझं. फारसी येती, हिसाब येतो. मराठी… बोलाया येती."

महानंदाने पदर तोंडाशी धरला, पण हसू काही पदरात मावेना. गावच्या पोरांना शिकवायला सरकारने माणूस पाठवला, आणि त्याला स्वतःच्या आईचं पत्र वाचता येईना! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिने हात पुढे केला.

"'चिरंजीव मल्लिकार्जुन यास आईचे अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम आहे. भाकरी वेळेवर खात जावी. तुजसाठी एक स्थळ पाहिले आहे…'"

ती थांबली. तो जमिनीकडे बघायला लागला.

"वाचा की," तो म्हणाला, अगदी हळू.

"'मुलगी कामाची आहे. दात किंचित पुढे आहेत, परंतु स्वभाव गरीब. सुटी मिळताच पाहून जावे.'" महानंदाने पत्राची घडी घातली. "झालं. जवाब लिवायचा?"

"लिवा… म्हनावं, नोकरी मुस्तकिल, पक्की झाल्याबिगर लगीन करायचं न्हाई. आत्ता कच्ची हाय. तनखा आली तर आली, न्हाईतर तीन-तीन महिने न्हाई. दुसऱ्याची लेक आनून तिला काय खाऊ घालू?"

तिने बोरू शाईत बुडवला, लिहिलं आणि मान वर न करताच विचारलं, "आनि दाताचं काय लिवू?"

आता मात्र मास्तरही हसला. हसल्यावर तो मास्तर वाटत नव्हता, हे महानंदाच्या ध्यानात आलं, आणि ते ध्यानात आल्यापासून तिचं चित्त काही थाऱ्यावर राहिलं नाही.

*

एकोणीस वर्षांची झाली होती ती. आई गेल्यापासून घर आणि अर्धं दुकान तिच्याच अंगावर, म्हणून कल्याणराव एकेक स्थळ परतवत राहिले आणि गाव बोलत राहिलं. तिला मात्र एक निराळाच नाद होता. आप्पांच्या मांडीवर बसून ती लहानपणी अक्षरं शिकली होती, आणि आता रोज दुपारी गल्लीतल्या सहा पोरी तिच्या ओसरीवर सूप घेऊन येत. बघणाऱ्याला वाटावं, तूर निवडताहेत. पण शेणाने सारवलेल्या त्या गुळगुळीत सुपांत ज्वारीच्या पिठाचा पातळ थर असे आणि पिठात बोटाने काढलेले ग, म, भ. कुणाची चाहूल लागली की सहा सुपं एकदम फडफडत, पिठावर मूठमूठ तूर पडे आणि शाळेचं पुन्हा निवडण होई!

पाटी-पेन्सिलीला पैसे नव्हते असं नाही. पण त्या काळी मोगलाईत, म्हणजे हैदराबादच्या राज्यात, मंजुरीवाचून खानगी, म्हणजे खासगी शाळा काढायला बंदी होती. घरातल्या माणसाने घरातल्या पोरींना शिकवलं तर कुणाची ना नव्हती, पण परकं एक जरी डोकं शिकायला बसलं की ती शाळा. आणि मंजुरी? हैदराबादला गेलेला अर्ज कधी परत आल्याचं गावात कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या पत्राच्या वेळी मास्तराने ती सुपं पाहिली. उभ्या उभ्या बघतच राहिला.

"ही शाळा हाय का?" त्याने विचारलं.

महानंदाने सूप स्वतःकडे ओढलं. गावात खानगी शाळा आहे का, ते दरमहा सरकारला कळवायचं काम याच माणसाकडे होतं. "तुमाला काय वाटतं?"

"मी अजून ठरवलं न्हाई." तो क्षणभर घुटमळला. "ठरवायला… रोज बघावं लागंल."

"रोज?"

"बरं, शुक्रवारी. मदरशाला सुटी असती. आनि — एक सूप जादा असंल का? दर वेळी आईची पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायची, लाज वाटती."

कल्याणराव गल्ल्यावरून सगळं ऐकत होते. "या की मास्तर," ते म्हणाले. "दार उघडं राहील, मी हितंच बसेन आनि पीठ सांडलं तर झाडून जायचं."

तर असा मास्तर शुक्रवारी सहा पोरींच्या ओळीत सातवा बसू लागला. त्याचं 'क्ष' काही केल्या जमेना. सहा वर्षांची शिवकन्या त्याचं बोट धरून वळवी आणि वर दटावी, "आवं, पोट काढा त्याला!" महानंदा मागे उभी राहून बघे. तिला धड बसवत नसे. तीच तूर ती तीनदा निवडे, पाण्याला निघे आणि घागर घरीच विसरून येई. शनिवार उजाडला की मधले सहा दिवस तिला खायला उठत.

त्याची तनखा आली की नाही, हे तिला विचारावं लागत नसे. आली की तो चहाची पूड आणि गूळ नेई. महिना उलटला की नुसता गूळ. सुगीत पोरं ज्वारी काढायला शेतात गेली आणि मदरशाचा पट अर्ध्यावर आला, म्हणून तनखाही अडली, तेव्हा तो फक्त मीठ न्यायला लागला.

"उधार न्या की," ती एकदा म्हणाली.

"नगं."

"कावून?"

"उधारी झाली की मानूस मागच्या गल्लीनं जातो." त्याने मिठाची पुडी उचलली. "मला म्होरच्या दारानं यायचंय."

कल्याणराव सगळं ओळखून होते. रात्री जेवताना ते पोरीकडे न बघता म्हणाले, "सरकारी तनखा म्हंजी पाव्हण्याचं वचन. आला तवा खरा." महानंदाची भाकरी तव्यावर करपली.

*

माघाच्या शेवटी एका बुधवारी मास्तर आला तोच घाईने.

"उद्या शिक्षनाच्या तालीमखात्याचे साहेब येनार हायत. मदरसा तपासतील, माझी नोकरी पक्की करायची का न्हाई ते ठरवतील. आनि…" त्याने आवाज खाली आणला, "कुनीतरी अर्ज धाडलाय. हितं शाळा भरती म्हनून."

महानंदाने चौकटीला हात टेकला. "तुमी काय लिवत आलात आजवर?"

"घरच्या पोरी घरात शिकतात, असं. खोटं न्हाई ते. दोन दिस पोरी बोलावू नका. मी बी… येनार न्हाई."

शेवटचे चार शब्दच तिला लागले. "या शुक्रवारी न्हाई?"

"न्हाई. तुमची ही सुपं बंद झाली तर मी सोताला माफ करनार न्हाई."

तो गेला. गुरुवारचा दिवस तिने कसा काढला ते तिलाच ठाऊक. पोरींना तिने येऊ नका म्हणून सांगितलं होतं, तरी दुपारी तीन वेळा ओसरीवर येऊन गेली. दाराची कडी वाजली की जीव वर येई. मांजर असे, नाहीतर वारा.

शुक्रवारी सकाळी साहेबांची बैलांची दमणी पहाटेच मोमिनाबादेकडे गेल्याची बातमी आली आणि पोरी न बोलावता हजर झाल्या. पाठोपाठ मास्तर. आज काही शेरवानीच्या गुंड्यासुद्धा नीट लावल्या नव्हत्या.

"येनार नव्हतात ना?" महानंदाने विचारलं.

"साहेबांनी हिसाब ऐकला, कविता ऐकली, शाबास म्हनाले. हे… तुमाला सांगितल्याबिगर सुट्टी सरंना." तो सूप घेऊन ओळीत बसला. "क्ष काढून दावू?"

ती त्याच्यासमोर टेकली. तो मान वाकवून, जिभेचं टोक दातात धरून पिठात अक्षर वळवत होता आणि ती त्याच्या बोटाकडे बघत होती. बाहेर पावलं वाजली, ती दोघांनाही ऐकू आली नाहीत.

सहा सुपं फडफडली. सहा पोरी तूर निवडायला लागल्या. सातव्या सुपात मात्र भलंमोठं 'क्ष' तसंच राहिलं, आणि दारात साहेब उभे होते.

गालाला रुमाल बांधलेला, पांढरी दाढी. दमणी बिछाना घेऊन पुढे गेली होती. दाढ ठणकते म्हणून साहेब रात्रभर जागे, आणि गावात लवंग कुठे मिळते विचारत इथवर पायी आले होते. त्यांची नजर सुपांवरून फिरत फिरत आपल्या मास्तरावर येऊन थांबली.

"मास्तर?" साहेब म्हणाले. "आप यहाँ… आटा छान रहे हैं?"

मास्तर उठून उभा राहिला. बोटाला पीठ तसंच. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, हे महानंदाला ठाऊक होतं, आणि नेमकी त्याचीच तिला आत्ता भीती वाटली.

"लिवायला शिकतोय, साहेब."

कल्याणरावांनी लवंगा पुढे केल्या. साहेबांनी एक दाढेखाली धरली आणि गुळाच्या पोत्यावर सावकाश टेकले. खिशातून त्यांनी तो अर्ज काढला, वाचला, आणि महानंदाकडे बोट करून पहिल्या पोरीला विचारलं, "यह तुम्हारी कौन?"

"आक्का," शिवकन्या म्हणाली.

"तुम्हारी?"

"मावशी."

"माजी आत्या!" "ताई!" "माजी बी मावशी!" "माजी बी आक्का!"

एकही खोटं बोलत नव्हती. गावात ज्या घरच्या पाण्याने तहान भागते त्या घराशी नातं असतंच, आणि पोरी तेच सांगत होत्या. साहेबांनीही जन्म इकडच्या खेड्यांतच काढला होता. त्यांच्या दाढीत हसू आलं.

"बहुत बड़ा खानदान है," ते म्हणाले. "तो बच्चियाँ घर की हैं. घर में पढ़ना कोई मदरसा नहीं." मग हसू गेलं. "लेकिन मास्तर, इस घर में पराये एक आप ही हैं. आप पढ़ते हैं तो यह मदरसा है, और बंद होगा. मुझे लिखना पड़ेगा. बोलिए — यह आपकी कौन?"

महानंदा त्याच्या पीठ लागलेल्या बोटाकडे बघत राहिली. ताई म्हणाला तर? म्हटलं तर सुपं वाचतील, असं तिच्या मनात आलं… आणि लगेच, देवा, तेवढं मात्र नको.

"अजून कुनी न्हाई, साहेब," मास्तर म्हणाला. "या घरचा व्हावं असं लई दिसापासून मनात हाय. नोकरी कच्ची म्हनून विचारायची हिंमत झाली न्हाई. आज विचारतो. हे शाळेसाठी न्हाई. शाळा नसती तरी विचारलं असतं."

साहेबांनी कल्याणरावांकडे पाहिलं. कल्याणरावांनी तागडी खाली ठेवली आणि म्हणाले, "सूप तिचं, शाळा तिची. तिलाच इचारा."

आता वडीलधाऱ्यांसमोर, त्यातून सरकारी साहेबांसमोर, कोणती मुलगी तोंडाने बोलेल? पण बोलल्यावाचून राहील अशीही ती नव्हती. महानंदाने सातवं सूप जवळ ओढलं, 'क्ष' पुसून पीठ सारखं केलं आणि बोटाने भरभर लिहिलं. लिहून सूप मास्तरापुढे सरकवलं.

"पढ़िए," साहेब म्हणाले. त्यांना ती अक्षरं येत नव्हती.

मास्तर वाकला. आजवर प्रत्येक शब्दाला तो 'म्होरं काय?' असं विचारी आणि ती सांगे. आज ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"त… न… खा. तनखा." त्याचा चेहरा उतरला. "ये… वो. न ये… वो." मग खालची ओळ. त्याने ती एकदा मनात वाचली. मग मोठ्याने, न अडखळता, "'तनखा येवो न येवो, तुम्ही या.'"

साहेब इतके हसले की त्यांना दाढ धरावी लागली. "बेटी," ते डोळे पुसत म्हणाले, "तू सच जानती है. मेरी अपनी तनखा दो महीने से अटकी है!" अर्जाच्या पाठीवर त्यांनी एक ओळ लिहिली आणि वाचून दाखवली : घरची तालीम, म्हणजे घरचंच शिक्षण, सर्व पढणारे घरचेच. मग लवंगांचे पैसे ठेवून ते दमणी गाठायला निघाले.

*

नोकरी पक्की झाल्याचा कागद चैत्रापर्यंत आला नव्हता. कल्याणराव कुरकुरत होते, पण मास्तराच्या मिठाच्या पुडीत गुळाचा खडा कोण टाकतं, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

मास्तर मात्र एक शुक्रवार अख्खा घालवून कागदावर काहीतरी लिहीत बसला होता. दोनदा खोडलं, बोटं शाईने माखली. शेवटी त्याने घडी घालून कागद महानंदापुढे धरला.

"आईला लिवलंय. पहिलं पत्र, माझ्या हातचं. चुकलंय का बघता?"

महानंदाने हात मागे घेतला.

"मी न्हाई वाचनार."

"कावून? आईचं पहिलं पत्र तर तुमीच वाचलं."

"तवा मी परकी व्हते," ती म्हणाली. "आता सासूबाईचं पत्र फोडलं तर त्या काय म्हनतील?"