चौथा वाफा

ताईचा निरोप आला तेव्हा मी रोपवाटिकेत पिशव्या भरत होतो. मांजरांचा बंदोबस्त करायला ये, एवढंच काम होतं.

ताईला सातवा महिना होता. दाजी ट्रकवर, महिना महिना बाहेर. त्यांच्या भाड्याच्या घरामागे चार वाफे होते आणि मातीत हात घातल्याशिवाय ताईला चैन पडत नसे. डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं, मांजरांनी घाण केलेल्या मातीला हात लावायचा नाही, बाळाला बाधतं. आणि गल्लीतली झाडून सगळी मांजरं तिच्याच वाफ्यात यायची.

"छोट्या, झाडं तुझं ऐकतात. मांजरं ऐकतात का बघू," ताई म्हणाली.

मी आधी बसून पाहिलं. चारही वाफ्यांची माती सारखीच भुसभुशीत होती, पण मांजरं उतरत होती फक्त भिंतीलगतच्या चौथ्या वाफ्यात. मी सात मोजली. एरवी एकमेकांवर गुरगुरणारी, पण इथे एक खाली गेलं की बाकीची भिंतीवर मुकाट थांबायची, नळाला पाणी आल्यावर रांग लागते तशी. मांजर घाण करतं, दोनचारदा माती ओढतं आणि जातं. ही मात्र बराच वेळ माती ओढत राहायची. एखादं तर घाण न करताच नुसती माती ओढून निघून जायचं.

भिंतीपलीकडून घड्याळवाले काका डोकावले. "एकाच वाफ्यात जातात ना? मग देऊन टाका त्यांना. एका बाईला तीन वाफे पुष्कळ झाले."

"डॉक्टरांनी सांगितलंय, काका."

"आधीचे भाडेकरूही तेवढा मोकळाच ठेवायचे."

"का?"

"विचारलं नाही बुवा," ते म्हणाले आणि खाली बसले.

मांजराला उकरता आलं नाही की ते जागा बदलतं. म्हणून आम्ही खुराड्याची जाळी मातीखाली दोन बोटांवर अंथरतो. तारेच्या आकड्यांनी ती चारी बाजूंनी ठोकायची, वर माती, मातीत बी. रोपं भोकांतून वर येतात, पंजे खाली जात नाहीत. मी तसंच केलं आणि पालक पेरला.

दुसऱ्या दिवशी मांजरं भिंतीवर नुसती बसून राहिली. चार दिवसांनी भिंतीवरही येईनात. ताई खूश झाली.

आठवड्यानं गेलो तर आकडे मातीवर पडलेले. ते वीतभर लांब असतात, उपटायला मलाही पक्कड लागते. पोरांची मस्ती समजून मी ते पुन्हा ठोकले. दोन दिवसांनी पाहिलं तर पुन्हा तेच. शिवाय जाळी मधोमध वर आली होती, पांघरुणाखाली कुणी गुडघा उभा करावा तशी. पालकाचे कोंब मात्र जागच्या जागी होते, वरच्या मातीला कुणी हात लावला नव्हता. मी तळवा टेकवला. माती कोमट लागली. शेजारच्या वाफ्यातली गार होती.

मी जाळी काढली. निघताना ती खालून जराशी अडली... मग सुटली.

मग मी भिंतीवर दूध ठेवलं, मासळीची डोकी ठेवली. तीन दिवसांनी एक लंगडा बोका आला. त्यानं वाफ्याकडे पाहिलं आणि दुधाला तोंड न लावता परत गेला.

"ताई, घर बदलू या," मी म्हणालो.

"मांजरं यायची थांबली म्हणून? दाजींना हेच सांगू का?" ती हसली.

म्हणून मांजरांचं काम मी घेतलं. रोज दुपारी सुटलो की मागच्या फाटकातून जायचं. वाफ्यावर उंचवटा आलेला असायचा. त्यावर माती ओढायची, ती दाबायची आणि निघायचं. बाळ झालं त्या दिवशीही मी आधी वाफ्यावर गेलो, मग दवाखान्यात.

"भाचा नाही, पालक महत्त्वाचा," ताई सगळ्यांना सांगत होती.

बाळ दोन महिन्यांचं झालं. फार रडायचं ते, ताईला डोळा लागू द्यायचं नाही. एका मंगळवारी मला ताप भरला आणि दिवसभर अंथरुणातून उठता आलं नाही. बुधवारी सकाळी उठलो आणि तसाच धावत गेलो.

चौथा वाफा सपाट होता. उंचवटा नव्हता. पण तिथून पुढे तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या वाफ्यातली रोपं एका पट्ट्यात आडवी झाली होती, सगळ्यांचे शेंडे घराकडे. पट्टा स्वयंपाकघराच्या पायरीशी थांबत होता. परतीची खूण कुठेच नव्हती.

ताईनं दार उघडलं. तिचा चेहरा कधी नव्हे तो टवटवीत दिसत होता.

"काल चार तास सलग झोपले रे," ती हळू आवाजात म्हणाली. "तू थोपटत बसलास म्हणून. अंधारात हाक मारली तर ओ दिली नाहीस. म्हटलं, असू दे, लाजतोय."

"ताई... मी काल..."

"शू. आत्ता कुठे पुन्हा डोळा लागतोय त्याचा."

बाळाची खोली तिच्या पाठीमागे होती. घरात आम्ही दोघं आणि बाळ, चौथं कुणी नव्हतं.

आतून थोपटण्याचा आवाज येत होता. हलका, एका लयीत.