सुंदरावहिनीचा डोस

खाली बस गोपाल, कठड्यावर नको. आणि केदार, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. मी मास्तर माणूस, भुतंबितं मानत नाही. पण शालिग्राम ब्रदर खोटं बोलणारा नव्हता. लिंबायतला, गावाकडून कापडाच्या लूमवर आलेल्यांच्या वस्तीत, आमची दारं समोरासमोर. मूळचा पारोळ्याचा, इथल्या एका मोठ्या इस्पितळात नर्स. पुरुष नर्सला तिथं ब्रदर म्हणतात. इस्पितळाचं नाव विचारू नका.

बरा न होणारा कॅन्सर असला की तेव्हा पेशंटला कोण विचारायचं? घरी न्या, सेवा करा, म्हणायचे आणि खाट रिकामी करायचे. तिथल्या विजयाबाई डॉक्टरांना ते बघवेना. त्यांनी शालिग्रामला केरळात शिकायला पाठवलं. तिकडून तो एकच गोष्ट घोकत आला. दुखणं सोसायचं नसतं. मॉर्फिनचं औषध वेळच्या वेळी पाजायचं, पेशंटला विचारायचं, दुखतंय म्हणाला तर डोस वाढवायचा. बाईंनी दोन खाटांची एक खोली भांडून मिळवली आणि किती डोसात किती आराम पडतो, याचा अभ्यास सुरू केला. त्यावरूनच पुढे बाकीच्या नर्सना शिकवायचं होतं.

त्या खोलीत सुंदरावहिनी आली. लूमवर काम करणाऱ्या लखनची बायको. छातीचा कॅन्सर, हाडांत उतरलेला. लखनची बारा तासांची पाळी, म्हणून उशाशी सासरा बसायचा, हिलालआबा. म्हातारा देवमाणूस. जरा घरी जाऊन या म्हटलं की म्हणायचा, "सून नही, मन्ही पोर शे ती." जागचा हलायचा नाही.

शालिग्राम रोज सकाळ-संध्याकाळ विचारायचा, "वहिनी, दुखतंय का?"

वहिनीचा पदर नाकापर्यंत ओढलेला. आतून मान हलायची. नाही. मग डोस होता तेवढाच राहिला. इतक्या थोड्या औषधात आराम पडतो म्हणून बाई खूश होत्या.

होळी झाली आणि ती गेली. अंघोळ घालायला बायका आल्या. त्यांनी तिच्या दातांतून पदराचं टोक सोडवून काढलं... चावून चावून त्याची चाळण झालेली.

शालिग्राम दारातच उभा होता. तो काही परका नव्हता रे. आपल्याकडची सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही, हे काय त्याला केरळात कोणी शिकवायला हवं होतं? त्याची स्वतःची आई तशीच होती. आबाला बिडी ओढायला बाहेर पाठवलं असतं, की वहिनी बोलली असती. मला म्हणाला, "मास्तर, मी विचारलं. पण तिला सांगता येईल असं नाही विचारलं."

आणि बाईंना त्यानं काहीच सांगितलं नाही. तोंडच उघडेना. अभ्यासाच्या कागदांवर सुंदरावहिनीला आराम पडला, तो पडलेलाच राहिला. उद्या तोच डोस दहा ठिकाणच्या नर्स शिकून जाणार, मग आणखी किती बायका पदर चावतील, हे त्याला कळत होतं. आतून पोखरला होता माणूस.

सत्त्याण्णव साल. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, आदली रात्र. लिंबायत अर्धं रिकामं, सगळे गावाला गेलेले. उद्या घरोघरी मेलेल्यांच्या नावानं घागर भरायची, आणि इस्पितळात उद्याच नर्सना पहिला धडा द्यायचा. शालिग्रामची रात्रपाळी होती. पुरुष वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याला मध्यरात्रीचा डोस द्यायचा, म्हणून त्यानं कपाटाचं कुलूप काढलं, बाटली आणि प्लास्टिकचा छोटा पेला घेतला आणि व्हरांड्यातून निघाला.

वाटेत ती दोन खाटांची खोली. होळीपासून रिकामीच.

आत दिवा होता.

त्याला वाटलं, नवा पेशंट आला असेल. दार ढकललं. खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई पाठमोरी बसलेली. डोक्यावरून पदर. जवळ स्टूल, स्टुलावर कोणी नाही.

सवयीनं विचारलं त्यानं. "वहिनी, दुखतंय का?"

मान हलली. नाही.

ती मान त्यानं ओळखली...

बाहेर कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. मग तो म्हणाला,

"आबा... आबा नाहीत इथं. मी एकटाच आहे."

मान थांबली.



मग पदराआडून, अगदी हळू,

"भाऊ... भलतं दुखस."

‘दुखत होतं’ असं नाही म्हणाली रे. अजून दुखतंय म्हणाली.

त्यानं बाटली उघडली. पेल्यात ओतलं. पेला स्टुलावर ठेवला. डोळे मिटून मागं सरकला, आणि जो पळाला...

म्हाताऱ्याचा डोस मात्र चुकवला नाही. दुसरा पेला घेऊन लांबच्या जिन्यानं गेला, देऊन आला. मग उजाडेपर्यंत वॉर्डात बसून राहिला. तिथं त्याच्या ध्यानात आलं, आपण पेल्यात किती ओतलं ते. तोच. तिला पुरत नव्हता, तोच जुना डोस. इतकं सगळं कळूनही हाताला तीच सवय. हे मला सांगताना रडला तो, चांगला धडधाकट गडी.

सकाळी बाई आल्या तशी त्यानं सगळं ओकून टाकलं. पदर, आबा, रात्र, सगळं. बाई रागावल्या नाहीत. मग नर्सना त्यांनी पहिला धडा दिला तो औषधाचा नव्हताच. बाईमाणसाला विचारायचं असेल तर आधी घरच्या मोठ्यांना खोलीबाहेर काढा. सुंदरावहिनीची हकीगतही सांगितली, शालिग्रामला समोर उभं करून. अजून तसंच शिकवतात म्हणे.

पण त्याआधी बाई आणि तो, दोघं त्या खोलीत गेले होते. खाटेवरची चादर घडीबंद. दिवा बंद. पेला स्टुलावर होता, रिकामा. उंदरानं सांडलं असेल, असं बाई म्हणाल्या आणि त्यांनी तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

ते औषध पाकातलं, चिकट असतं. पेल्याच्या आतून, वरपासून पार तळापर्यंत, कोणीतरी बोट फिरवून शेवटचा थेंबही निपटून घेतला होता.